दाढी करणारा हात, दाढी लावणारा हात

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून २२ वर्षांच्या मुलाचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून त्याची अडचण थोडक्यात सांगते. वडिलांचं बसस्टँडजवळ केशकर्तनालय आहे. हा दहावीपासून सुट्टीत आणि बी.ए. झाल्यापासून पूर्णवेळ दुसऱ्या खुर्चीमागे उभा असतो. कॉलेजात असताना युवक महोत्सवाच्या एकांकिकेला रंगभूषा करायला कोणी मिळेना, म्हणून मित्रांनी याला धरून नेलं. तेव्हापासून डोक्यात तेच आहे. त्याला नाटक-सिनेमाचा मेकअप आर्टिस्ट व्हायचंय. मुंबईतल्या एका खाजगी संस्थेचा सहा महिन्यांचा डिप्लोमा त्याने मोबाइलवर पाहिला. फी २ लाख ८० हजार, राहणं-खाणं वेगळं, आणि ‘शंभर टक्के प्लेसमेंट’. आई बचत गटातून कर्ज काढायला आणि गंठण मोडायला तयार आहे. वडील म्हणतात, ‘बायकांची तोंडं रंगवायला मुंबईला जायचं? मग ही खुर्ची कोणी चालवायची?’ मामा पोलीस भरतीचा फॉर्म घेऊन बसले आहेत. शेवटी त्याने लिहिलंय, ‘ताई, मला या दुकानातून बाहेर पडायचंय. हा कोर्स केला नाही तर मी आयुष्यभर दाढ्याच करत राहीन. फी भरायची शेवटची तारीख जवळ आलीय. भरू का?’

*

लेकरा, आत्ता भरू नकोस.

‘शेवटची तारीख’ या शब्दाला तर मुळीच घाबरू नकोस. अशा संस्थांची एक बॅच भरली की दुसरी उभी राहते. गंठण मात्र एकदा मोडलं की पुन्हा घडवायच्या वेळी सोन्याचा भाव कुठे असेल ते सराफालाच ठाऊक.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि दरवेळी त्याच वाक्याशी अडले, ‘आयुष्यभर दाढ्याच करत राहीन.’ अरे, रंगभूषाकार तरी वेगळं काय करतो? तू काढतोस, तो लावतो. आपल्याकडे ऐतिहासिक नाटकांचं आणि मालिकांचं पीक कधी आटत नाही. त्यातला प्रत्येक सरदार, मावळा, फकीर दाढी-मिशा घेऊनच येतो. त्या कोणीतरी रोज सकाळी चिकटवतं आणि रात्री उतरवतं. आणि पुष्कळदा त्या खोट्या का दिसतात, सांगू? लावणाऱ्याच्या बोटांना खरी दाढी माहीत नसते. हनुवटीखाली केस कुठे वळतात, गालावर चढताना कसे विरळ होतात, जबड्याच्या कोपऱ्यात एखाद्याला भोवरा कसा असतो, कानशिलावर आधी पिकलेला माणूस आणि हनुवटीवर आधी पिकलेला माणूस यांत फरक काय, हे तुला कोणी शिकवायची गरज नाही. सरळ हात फिरवायचा की उलटा, हे गिऱ्हाईक मान टेकवायच्या आत तुला कळतं. मुंबईच्या वर्गात तुझ्या शेजारी बसणारी मुलं ते छापलेल्या आकृतीवरून शिकणार.

म्हणून माझी पहिली शंका ही. तुला दुकानातून बाहेर पडायचंय, की दुकानामुळे गावात जे ऐकून घ्यावं लागतं त्यातून? तू तसं उघड लिहिलं नाहीस. पण दोन ठिकाणी स्वतःच्या कामाला ‘तसलं काम’ म्हणाला आहेस. हा शब्द तुझा नाही, ऐकलेला आहे. त्यातून सुटावंसं वाटणं मला शंभर टक्के मान्य आहे. मी इथेच वाढले आहे, कुणाच्या चहाचा कप कुठे ठेवला जायचा ते पाहिलेलं आहे. पण ती सुटका आणि हे शिक्षण अशी दोन वेगळी ओझी तू एकाच गाठोड्यात बांधलीस आणि संस्थेच्या दारात नेऊन ठेवलीस. संस्था पैसे घेते ते फक्त शिक्षणाचे. सुटकेचं तिच्याकडे काही नाही.

आता कामाचं बोलू. खोट्या दाढी-मिशांना लागणारे क्रेपचे केस वेणी घातलेले मिळतात. वेणी उसवायची, केस ओलसर करून ताणून वाळवायचे, म्हणजे सरळ होतात. लावायला सुरुवात हनुवटीच्या खालून. घरावर पत्रे टाकताना खालच्या पत्र्यावर वरचा चढवतात ना, तशी एकेक ओळ चढवत कानापर्यंत न्यायची. मिशी बाहेरच्या टोकांपासून मध्यावर आणायची. स्पिरिट गम, म्हणजे केस चिकटवायचा डिंक, लावला की लगेच केस ठेवायचे नाहीत. बोटाने टिपत राहायचं, तार सुटायला लागली की मग. नव्या मुलांची घाई नेमकी इथे नडते. सगळं लावून झाल्यावर दाढी अगदी गबाळी दिसते, आणि त्यानंतर तिला माणसाची दाढी करायची ती कात्रीने. ती कात्री तुझ्या हातात सहा-सात वर्षं आहे. दोन दिवसांची खुंटं दाखवायची असतील तर क्रेपच अगदी बारीक कातरून चिकटवायचा. दुकानाच्या फरशीवरचे केस वापरू नयेत, हे सांगायची वेळ येऊ नये, पण मी तसे वापरलेले पाहिले आहेत.

याच्या पुढची पायरी जाळीवरच्या कामाची. बारीक जाळीवर आकड्यासारख्या सुईने एकेक केस गाठवून दाढी, मिशी किंवा टोप तयार करतात. कॅमेरा जवळ आला तरी टिकतात ते हेच. काम संथ, मान आखडणारं, डोळ्यांचा अंत पाहणारं. चेहरे रंगवायला गर्दी आहे, इथे गर्दी नाही. माझं मत विचारशील तर तुझी जागा इथे आहे. वधूच्या मेकअपच्या रांगेत शेवटचा उभा राहण्यापेक्षा इथे पहिल्या चार जणांत ये.

माझी एक फजिती सांगते. उन्हाळ्यात उघड्यावर प्रयोग होता, आणि एका नटाच्या गालावर मी जिलेटिनची जखम बसवली होती. जिलेटिन, ग्लिसरीन आणि पाणी गरम करून घरी होते, स्वस्त पडते, दिसायलाही छान. पण जिलेटिन उष्णतेने मऊ पडतं, हे मला जानेवारीत केलेल्या तालमीने शिकवलं नव्हतं. तिसऱ्या प्रवेशापर्यंत ती जखम गालावरून निघून कॉलरपर्यंत पोचली. प्रेक्षकांतून एक म्हातारा ओरडला, ‘बरा झाला, बरा झाला!’ तेव्हापासून कुठलंही साहित्य मी मराठवाड्याचा मे महिना गृहीत धरून तपासते. लेटेक्स, म्हणजे पातळ रबर, वापरशील तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून एक दिवस थांब, काहींना त्याची ॲलर्जी असते. चेहऱ्याचा साचा घ्यायचा झाला तर प्लास्टर ऑफ पॅरिस थेट तोंडावर कधीही नाही. ते घट्ट होताना तापतं. दातांचे डॉक्टर माप घ्यायला वापरतात ती अल्जिनेट पावडर आधी, वरून प्लास्टरच्या पट्ट्या, नाकपुड्या मोकळ्या, आणि शेजारी दुसरा माणूस हवाच. हे व्हिडिओ बघून एकट्याने करायचं काम नाही.

तुझी आणखी एक समजूत मला खटकली. सिनेमा म्हणजे वर आणि नाटक म्हणजे तिथे जायची शिडी, असं तू धरून चालला आहेस. ही दोन वेगळी कामं आहेत रे. नाटकात शेवटच्या रांगेतल्या माणसाला डोळे दिसले पाहिजेत, म्हणून रेषा ठळक. आणि वर दिवे. लाल प्रकाशात लाल ओठ पुसल्यासारखे होतात, हिरव्या-निळ्यात तेच काळे पडतात. प्रकाशयोजना करणाऱ्याशी न बोलता केलेली रंगभूषा म्हणजे अंधारात घातलेली रांगोळी. म्हातारा करायचा म्हणून डोक्यावर टाल्कम पावडर ओतणं ही तर आपल्या हौशी रंगभूमीची जुनी खोड. तो म्हातारा प्रकाशात निळसर दिसतो आणि मान हलवली की खांद्यावर पीठ सांडतो. कॅमेऱ्यापुढे उलटं. तिथे कडा दिसली की संपलं. आणि तिथे कंटिन्युइटी सांभाळावी लागते. आज कपाळावर लावलेली जखम पंधरा दिवसांनी त्याच जागी, तेवढीच लांब, तेवढीच ओली दिसली पाहिजे. म्हणजे वहीत नोंदी आणि मोबाइलमध्ये फोटो. तो स्वभाव असावा लागतो. तुझ्यात आहे का, हे दुकानातली उधारीची वही कोण लिहितं यावरून कळेल.

वडिलांकडे वळू. ‘बायकांची तोंडं’ हा टोमणा तुला लागला आहे, पण त्याला इतिहासातच उत्तर आहे आणि ते गमतीचं आहे. मराठी रंगभूमीवर कित्येक वर्षं बायकांची तोंडं होती पुरुषांचीच, आणि ती रंगवणारेही पुरुषच. अलीकडचं सांगायचं तर दिवंगत विक्रम गायकवाड यांना ‘बालगंधर्व’ चित्रपटाच्या रंगभूषेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एका नटाला बालगंधर्व करायचं आणि त्या बालगंधर्वांना पुन्हा भामिनी, सिंधू अशा नाटकातल्या नायिका करायचं, असं दुहेरी काम होतं ते. आणि याहून मोठी गंमत म्हणजे मुंबईच्या सिनेसृष्टीतल्या कामगार संघटनेने हे काम इतकं पुरुषांचं ठरवलं होतं, की बाईला मेकअप आर्टिस्टचं कार्डच मिळत नसे. तिने केशभूषा करावी, रंगाला हात लावू नये. चारू खुराना नावाच्या रंगभूषाकार स्त्रीने हे सर्वोच्च न्यायालयात नेलं, आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायालयाने ही अट घटनाबाह्य ठरवली. त्याच निकालात महाराष्ट्रात पाच वर्षं राहिल्याची अटही गेली. तुझ्या घरी ज्याला बायकी म्हणतात, तिथे ते बायकांना करू देत नव्हते. हे वडिलांना भांडताना सांगू नकोस, जेवताना सांग.

त्यांची खरी अडचण रंग नाही, रिकामी खुर्ची आहे. त्यांच्या वाक्याचा दुसरा भाग नीट वाच. त्याला तुझ्याकडे अजून उत्तर नाही, आणि उत्तराशिवाय तू निघालास तर सहा महिन्यांत एखाद्या वाईट दिवशी परत यायची लाज वाटेल. दुकान ही तुझी परतीची वाट राहू दे. ती वाट असलेला माणूस मुंबईत जास्त दिवस टिकतो.

मग करायचं काय? एक वर्ष घे, पण मोजून घे. दहा हजारांच्या आत बसेल एवढंच साहित्य आण. क्रेप, स्पिरिट गम आणि तो काढायचं द्रावण, चार-पाच छटांचे बेस (आपल्या माणसांच्या रंगाचे, गोरे करणारे नव्हेत), बारीक ब्रश, एक चांगला आरसा. दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड लावायची शिस्त तुला आहेच. ब्रश आणि स्पंजालाही तीच लाव. मग काम शोध, आणि ते बसस्टँडपासून सुरू होतं. गणपतीत जिवंत देखावे असतात. साधारण त्याच सुमारास विद्यापीठाच्या युवक महोत्सवाची तयारी सुरू होते. एकांकिका, प्रहसन, लोकनाट्य, सगळीकडे चेहरे लागतात आणि संघ रंगभूषेला माणूस शोधत असतात. कॉलेज संपल्यामुळे तू स्पर्धक म्हणून बाद झालास तरी मदतनीस म्हणून नाहीस. हिवाळ्यात राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी मराठवाड्यातल्या केंद्रांवरही होते. तिथे रंगभूषेला स्वतंत्र पारितोषिक आहे, हे तुला माहीत होतं का? जवळच्या हौशी संस्थेत जा, फुकट कर म्हणाले तर पहिल्या नाटकाला फुकट कर, दुसऱ्याला साहित्याचे पैसे माग. मग शाळांची स्नेहसंमेलनं. मग १९ फेब्रुवारी. शिवजयंतीच्या मिरवणुकीतले महाराज आणि मावळे बाजारातल्या दोरीच्या दाढ्या बांधून घोड्यावर बसतात ते पाहून मला दरवर्षी वाईट वाटतं. तुझ्या तालुक्यात त्या दिवशी दहा खऱ्या वाटणाऱ्या दाढ्या फिरल्या, तर पुढच्या वर्षी तुला बोलावणी येतील. लग्नसराईत नवरदेवांचा मेकअपही आता बरेच जण करून घेतात. त्यात कला थोडी, पण रोकड आहे, आणि ते गिऱ्हाईक आधीच तुमच्या खुर्चीत बसतं.

जमलंच तर एकदा माळेगावच्या यात्रेला जा, नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात. खंडोबाच्या यात्रेत तमाशाचे फड उतरतात. त्यातली बरीच माणसं आपला चेहरा आपणच करतात, पेटीच्या झाकणातल्या आरशात, मिणमिणत्या दिव्यात, अर्ध्या तासात. परवानगी मागून राहुटीच्या कोपऱ्यात बस आणि नुसतं बघ. फोटो काढायच्या आधी विचार.

शिक्षणाचे इतर रस्तेही आहेत आणि ते इतके महाग नाहीत. छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे, नांदेडच्या विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कलांचं संकुल आहे. तुझी बी.ए. झालेली आहे, तेव्हा दार बंद नाही. तिथे निव्वळ रंगभूषा शिकवणार नाहीत, पण दिग्दर्शक काय मागतो, पात्र म्हणजे काय, प्रकाश कसा पडतो, हे कळेल, आणि मुख्य म्हणजे सोबत नाटक करणारी माणसं भेटतील. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी ही ‘जिगीषा’ या नाट्यसंस्थेची मंडळी संभाजीनगरातूनच एकमेकांच्या साथीने मुंबईला गेली. पुढे कधी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा विचार आला तर तिथे पदवी आणि नाटकाचा अनुभव दोन्ही मागतात, आणि निवड झालेल्याला शिष्यवृत्ती मिळते. आयटीआयमध्ये कॉस्मेटोलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड असतो. त्यात सिनेमा नाही, पण त्वचा आणि स्वच्छता पक्की होते. हे पत्र वाचणाऱ्या ज्या मुलींना घरून मुंबईचं नाव काढता येत नाही, त्यांनी तो जरूर बघावा.

आणि वर्षभराने तरीही त्या संस्थेत जावंसं वाटलं तर? जा की. पण आधी एकदा प्रत्यक्ष जाऊन ये, जाहिरातीतल्या नंबरवर बोलून नको. शिकवणारा माणूस सध्या कुठल्या सेटवर काम करतो ते विचार. आठवड्याला किती जिवंत चेहऱ्यांवर हात फिरवायला मिळेल, जाळीकाम आणि प्रोस्थेटिक (चेहऱ्यावर चिकटवायची खोटी नाकं, जखमा वगैरे) शिकवतात की फक्त ‘ओळख’ करून देतात, किटचे पैसे फीत आहेत का, मधेच सोडलं तर काय परत मिळतं, हे लेखी घे. मागच्या बॅचमधल्या तिघांचे फोन माग. दिले नाहीत तर उत्तर मिळालंच. आणि ‘शंभर टक्के प्लेसमेंट’चा अर्थ विचार. कित्येकदा तो एखाद्या सलूनच्या काउंटरवरचा असतो, म्हणजे तू जिथून निघालास तिथेच, फक्त एसीत. मला वाटतं तोवर तुला पूर्ण डिप्लोमाची गरजच उरणार नाही. जे येत नाही तेवढ्याचाच छोटा वर्ग शोधशील.

खरा खर्च पुढे आहे, आणि तो जाहिरातीत नसतो. मुंबईत सुरुवात कोणाचा तरी असिस्टंट म्हणून होते. बारा तासांची शिफ्ट, पहाटेची लोकल, दुसऱ्याची पेटी उचलणं, ब्रश धुणं. मालिकांच्या धंद्यात केलेल्या कामाचे पैसे नव्वद दिवसांनी हातात यायची रीत आहे. म्हणजे पहिले काही महिने तू कामावर असशील आणि खिशात काही नसेल. बहुतेक मुलं परत येतात ती इथून, हुनर कमी पडलं म्हणून नव्हे. घरातले सगळे पैसे फीत घातलेस तर हे महिने कशावर काढशील? आईला काही बाजूला ठेवायचंच असेल तर गटाचं कर्ज नको, गंठण नको. तू नवरदेवांचे, मावळ्यांचे जे पैसे आणशील त्यातले अर्धे तिच्याकडे ठेव. मुंबईच्या खोलीचं सहा महिन्यांचं भाडं जमलं की तो तुझा मुहूर्त. पुणंही विसरू नकोस, जवळ आहे आणि नाटक तिथेही भरपूर होतं.

पोलीस भरतीबद्दल मी काही म्हणणार नाही. पळायला आवडत असेल तर फॉर्म भर. मामांसाठी भरू नकोस.

या आठवड्यात एकच कर. ज्या वारी दुकान बंद असतं त्या दिवशी एखाद्या मित्राला खुर्चीत बसव, त्याची गुळगुळीत दाढी कर आणि त्याच चेहऱ्यावर क्रेपची दाढी लाव. लावून झाली की वडिलांना हाक मार आणि कात्री त्यांच्या हातात दे. कशासाठी ते सांगू नकोस, नुसतं ‘जरा नीट करता का’ म्हण. मग फोटो काढून मला पाठव. समोरून नको, बाजूने, खिडकीच्या उजेडात काढ. मला कानाजवळची कडा बघायची आहे.